पायीच निघालाव व्हय?

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वा! म्हणजे समुद्र अगदी दारात?" मग आम्ही शांतपणे भूगोल शिकवतो. एक मुरुड रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याजवळ. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीच्या बाजूला, महर्षी कर्व्यांचं. तिसरं आमचं, लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. पाण्याचं म्हणाल तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरसाठी पिण्याचं पाणी घेऊन निघालेली रेल्वे आमच्याच मार्गावरून गेली. आमच्या नशिबी आलेला समुद्र तेवढाच, आणि त्याच्यावरही पत्ता लातूरचा होता.

त्या दोन्ही मुरुडांत माणसं मुद्दाम चालायला जातात. चपला हातात घेऊन, वाळूतून, खोलीचं भाडं भरून चालतात. आमच्या मुरुडात चालणाऱ्याकडं लोक काळजीनं बघतात. संध्याकाळी तुम्ही मोकळ्या हातानं मेन रोडनं निघा. शंभर पावलं होत नाहीत तोच एक गाडी कच्चकन थांबते. "पायीच निघालाव व्हय?" तुम्ही हसून हो म्हणता. पुढचा प्रश्न, "गाडी कुटंय? बिघडली का?" नाही, घरी आहे. मग आवाज खाली येतो, "इकली का काय?" विकलेली नाही असं सांगितल्यावर समोरचा माणूस गोंधळतो. गाडी आहे, चालू आहे, पेट्रोलही आहे आणि तरी माणूस चालतोय, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. "शुगर निघाली व्हय!" इथं तुम्ही मान डोलवावी. मुरुडात चालायला एवढंच एक कारण मान्य आहे, आणि ते सांगितलं की पुढच्या चौकशा थांबून घरगुती औषधं सुरू होतात.

ज्यांना डॉक्टरनं खरोखरच चालायला सांगितलंय त्यांनी आपली सोय केली आहे. पहाटे ते गाडीला किक मारतात, शाळेच्या मैदानापर्यंत गाडीवर जातात, गाडी कुंपणाला लावतात, मैदानाला फेऱ्या मारतात आणि घामाघूम होऊन गाडीवरच घरी येतात. घर ते मैदान हे अंतर चालण्यात धरायचं नसतं.

आता याला आळस म्हणावं तर तेही खरं नाही. हीच माणसं कोजागरीला तुळजापूरला पायी निघतात. लातूरहून तुळजापूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडतं. रात्रभर चालतात, पायाला फोड येतात, फोड फुटतात, तरी "आई राजा उदो उदो" करत पुढं जातात. आषाढीला पंढरीच्या वाटेवर हीच मंडळी. वाटेत गावोगावचे लोक चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभे असतात, कुठं पाय चेपून द्यायचीसुद्धा सोय असते. आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतून अर्धा लिटर दूध आणायला स्प्लेंडर. मराठवाड्याचा माणूस चालायला कधीच भ्याला नाही. त्याला फक्त टोकाला देव लागतो आणि वाटेत चहा लागतो. मेन रोडच्या टोकाला यातलं काही नाही. चहा आहे, पण तो विकत आहे.

तो मेन रोडही एकदा नीट बघायला हवा. कडेनं चालायचं ठरवलं तर दुकानाच्या भिंतीपासून रस्त्याकडं कोणकोण भेटतं? आधी दुकान. मग दुकानाची पायरी, पायरीवर ड्रेस घालून उभे केलेले बिनचेहऱ्याचे बाहुले. पायरीपुढं पत्र्याचं शेड. शेडची सावली जिथंपर्यंत पडते तिथंपर्यंत दुकान, असा इथला अलिखित सातबारा आहे. दुपारनंतर सावली पूर्वेला सरकते तशी दुकानाची हद्दही सरकते. शेडपुढं नाली, नालीवर फरश्या. माणसानं चालावं अशी गावातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे या फरश्या, म्हणून त्यांच्यावर निलंगा राईसचा गाडा लागतो. गाड्यापुढं दुकानमालकाची गाडी, तिच्यापुढं गिऱ्हाइकांच्या गाड्या, त्यांच्यापुढं केळीवाला, केळीवाल्याच्या पुढं ऑटो. या सगळ्यांच्या मधून वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू वर गेलेले. बांबू नेमका तिथंच रोवलेला असतो जिथं एक माणूस तिरका होऊन जाऊ शकला असता. इतकं झाल्यावर चालणाऱ्याला उरतो तो रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा, आणि तो पट्टा एसटीच्या ड्रायव्हरला आपला वाटतो. गर्दीच्या वेळी एका आजीनं पायरीवरच्या बाहुल्याला "सरक की रं बाबा जरा" म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. बाहुला सरकला नाही. पण वाटेतली बाकीची मंडळी तरी कुठं सरकत होती?

अशा गावात चौक चालण्याजोगा करायचा विचार कसा शिरला, तर पुण्याहून. पुण्यात नोकरी करणारी आमची पोरं दिवाळीला येताना चिवड्याबरोबर असे विचार घेऊन येतात. तिथं महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन साजरा केला, चक्क लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद करून. लक्ष्मी रोड! जिथं एरवी दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं साड्यांच्या दुकानात शिरावं लागतं. त्या दिवशी तिथं लोक रस्त्याच्या मधोमध चालले आणि त्याचे फोटो काढले. रस्त्यावरून चालल्याचा फोटो काढावासा वाटणं, ही बातमी आहे खरी. त्यातल्या एका पोरानं त्याचा व्हिडिओ हॉटेलात सगळ्यांना दाखवला. "आपल्याकडं का नाही होऊ शकत?" त्याच्या या प्रश्नावर बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण भजे गरम होते.

बोलले ते आमचे चित्रकलेचे गुरुजी. ते निवृत्त आहेत, त्यामुळं वेळ आहे, आणि गावात लग्नं पुष्कळ होतात, त्यामुळं कागद आहे. मोठ्या पत्रिकेची मागची बाजू कोरी आणि जाड असते. गुरुजींनी तिच्यावर आमचा चौक काढला. दोन्ही बाजूंना रुंद फूटपाथ, त्यावर लिंबाची झाडं, झाडाखाली बाक, गाड्या गावाच्या दोन टोकांना आणि मधला सगळा रस्ता माणसांना. चित्रात माणसं कमी आणि फुगेवाला मोठा आला होता, पण एकूण दृश्य असं होतं की हॉटेलातल्या प्रत्येकाला तिथं राहायला जावंसं वाटलं.

मग प्रत्येकानं चित्रात आपापलं दुकान शोधलं.

"लई भारी झालंय गुरुजी," कापडवाले शेटजी म्हणाले, "फक्त आमच्यापुढचं झाड काढा. बोर्ड झाकतो." झाड खोडलं. मेडिकलवाल्याला बाक नको होता, "पोरं बसत्यात दिवसभर मोबाईल घिऊन." बाक खोडला. हार्डवेअरवाल्याचं फूटपाथबद्दल काहीच म्हणणं नव्हतं, फक्त सिमेंटचं पोतं उतरायला टेम्पो थेट दारात आला पाहिजे, मग फूटपाथ कुठंही करा. मोबाईलवाल्याला फुगेवाला चालणार नव्हता. तासाभरानं बघितलं तर सगळी झाडं, सगळे बाक, अख्खा फूटपाथ आणि फुगेवाला, असं सगळं एका बंद गोदामापुढं जमा झालं होतं. त्या गोदामाचा मालक हजर नव्हता.

गुरुजी खचले नाहीत. ते वाचणारे आहेत. त्यांनी सांगितलं, डेन्मार्कच्या कोपनहेगनात स्ट्रॉयट नावाची बाजारपेठ आहे, १९६२ मध्ये ती गाड्यांना बंद केली तेव्हा तिथले व्यापारीही असेच बोलले होते. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक कसं येईल, धंदा बसला म्हणून समजा. प्रत्यक्षात गिऱ्हाईक वाढलं. गाडीतला माणूस दुकानाचा बोर्ड वाचतो, चालणारा माणूस काचेतला भाव वाचतो. शेटजींनी हे मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "तितं थंडी असती गुरुजी. तितला माणूस गरम व्हायला चालतो. त्याला म्हणावं, एप्रिलात मुरुडला ये आन् दुपारी दोनला ष्टँडापसून चौकापत्तूर चालून दाखव."

शेटजींचा हा मुद्दा मात्र कुठल्याही आराखड्यापेक्षा वजनदार होता. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि मुक्काम करतो. रुंदीकरणात रस्त्याकडेच्या झाडांचा पहिला बळी जातो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावर बघायला मिळतं. मग सावली कुठली? ती पत्र्याच्या शेडची. म्हणजे नीट बघितलं तर एप्रिल-मे महिन्यांत मुरुडात चालणाऱ्याला जी काही सावली मिळते ती सगळी अतिक्रमणाची आहे. उद्या जेसीबी आला आणि कायद्याप्रमाणं पत्रे काढले, तर चालायला जागा होईल आणि चालणारा भाजून निघेल. पुण्याचा माणूस फूटपाथवर गट्टू कोणत्या रंगाचे बसवायचे यावर बोलतो. आमच्याकडं गट्टू कोणत्याही रंगाचे बसवा, दुपारी ते तव्याचंच काम करतात. मुरुडच्या चौकाचा आराखडा करायचा असेल तर पेन्सिल आधी सूर्यावर ठेवायला पाहिजे, रस्त्यावर नंतर. गुरुजींनी ते मान्य केलं आणि खोडलेली झाडं परत काढायला घेतली. शेटजी म्हणाले, "माझा बोर्ड सोडून."

चालायच्या रस्त्यांचं हे सगळं परदेशातलं आणि पुण्यातलं वेड आहे असंही नाही. आमच्या शेजारी, नांदेडला, हा प्रयोग अगदी मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली. गुरु गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये नांदेडलाच गुरूपण ग्रंथसाहिबाकडं सोपवलं, त्याची त्रिशताब्दी. जगभरातून लाखो भाविक येणार म्हणून केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून पैसा आला आणि रस्त्यांचं काम प्रदीप सचदेव या वास्तुरचनाकाराकडं गेलं. दिल्लीची 'दिल्ली हाट' त्यांची, आणि पुढं चांदणी चौकाचा नवा आराखडाही त्यांचाच. म्हणजे चांदणी चौकाच्या आधी तो मान नांदेडला मिळाला, हे नांदेडकर फारसं सांगत नाहीत, कारण ते त्यांना मान वाटला की नाही हे अजून नक्की नाही.

त्या रस्त्यांवर सगळं आखलेलं होतं. रुंद फूटपाथ, बसायला बाक, झाडांच्या रांगा, रिक्षांना जागा, विक्रेत्यांना जागा, आणि चक्क सायकलींना वेगळी वाट. मराठवाड्यातल्या माणसानं सायकलसाठी स्वतंत्र रस्ता बघितल्यावर त्याच्या मनात आलं ते साहजिक होतं, की सरकारनं शेवटी पार्किंगची सोय केली. सायकलच्या वाटेची रुंदी आणि चारचाकीची रुंदी यांचं नातं इतकं जमतं की एकदा गाडी लावल्यावर ती तिथंच जन्मल्यासारखी दिसते. फूटपाथही लोकांनी आनंदानं स्वीकारले, कुणी टेबल टाकून, कुणी टायर रचून. तरी मी नांदेडला गेलो की त्या जुन्या आखणीच्या खुणा शोधत चालतो. जिथं झाडं मोठी झालीत तिथं खाली माणसं हमखास बसलेली असतात. आराखड्यातलं एवढं एक कलम कुणाला मोडता आलेलं नाही. झाडावर गाडी लावता येत नाही.

आणि त्याच्याही आधी, लातूरला, गंजगोलाई. १९१७ मधली. निजामाच्या राज्यातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली. मधोमध गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ, आणि सोळा रस्ते चोहोबाजूंनी येऊन त्या गोलाला भिडतात. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. गुळाच्या बाजूला जायचं असेल तर डोळे मिटून माशांच्या आवाजावर जावं, मिरचीच्या बाजूला शिंकेवर. चालणाऱ्यासाठी यापेक्षा सोपा बाजार मी बघितलेला नाही. मात्र ज्या काळात तो आखला त्या काळात चाकांचा वेग बैलाच्या मर्जीवर होता. सोळा रस्ते एका जागी आणून सोडायचं धाडस आज कुठलाही इंजिनिअर करणार नाही. सोळा दिशांनी येणारे सोळा बुलेटवाले त्याच्या स्वप्नात येतील. गोलाईत आता शिरणं सोपं आहे. आपण कुठल्या रस्त्यानं शिरलो होतो आणि गाडी कोणत्या गल्लीत लावली, हे आठवण्यात मात्र कित्येकांची दुपार जाते. असे लोक देवीच्या देवळाभोवती फिरत असतात. बघणाऱ्याला वाटतं प्रदक्षिणा चाललीय.

आराखड्याचं नाव काढलं की आमच्या भागातली वडीलधारी माणसं जरा सावध होतात, आणि त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली. अरुंद बोळ आणि दगड-मातीच्या जाड भिंती, पळायला वाट राहिली नाही. म्हणून पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवताना रस्ते रुंद आखले, सरळ आखले, चौकटीत आखले. भीती खरी होती आणि रुंद रस्ते लोकांनाही हवे होते. पण त्या रुंदीत गाव कितीतरी पसरलं. पूर्वी तिखटाची वाटी या ओट्यावरून त्या ओट्यावर हातानं जायची, ती आता पदराखाली झाकून उन्हातून चार चौक चालत न्यावी लागते. पुनर्वसनातल्या एका मावशींनी मला त्यांचं नवं गाव दाखवलं होतं. म्हणाल्या, "रस्ते लई मोठे हैत, पर रस्त्यात कुणी भेटतच न्हाई." कमी रुंदीचं संकट आणि जास्त रुंदीचं एकटेपण, दोन्ही बघितलेला हा मुलूख आहे. त्याला कुणी नवा नकाशा दाखवला तर तो आधी पेन्सिल कुणाच्या हातात आहे ते बघतो.

गुरुजींकडं आता पेन्सिलबरोबर टेपही आला होता. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था रस्त्यांचे नियम लिहिते. तिच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत फूटपाथची चालायची मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर सांगितली आहे आणि उंची १५० मिलिमीटरच्या आत. दोन माणसं शेजारून जावीत आणि म्हाताऱ्या माणसाला चढता यावं, एवढाच त्यामागचा विचार. गुरुजींनी आसपासच्या शहरांत जाऊन मोजमापं घेतली. कुठं फूटपाथ गुडघ्याइतका उंच. विचारलं तर उत्तर मिळालं, खाली असला की गाड्या चढतात म्हणून उंच केला. गाड्या तरीही चढतात, पोरं फळकुटं टाकून चढवतात. आजी तेवढ्या चढू शकत नाहीत. असा तो फूटपाथ गाड्यांसाठी अवघड आणि आजींसाठी अशक्य झालेला असतो, आणि त्यावर शेवटी कुत्री झोपतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोकळा फूटपाथ हा चालणाऱ्याचा हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मधला, जगण्याच्या हक्काचा भाग. गुरुजींनी ते कात्रण हॉटेलात वाचून दाखवलं. कोपऱ्यात बसलेले केळीवाले उठून पुढं आले. त्यांनाही कुणीतरी कधीतरी सांगितलेलं होतं, की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या खटल्यात याच न्यायालयानं पोट भरणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग मानला होता, त्याच कलम २१ खाली. पुढं २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा वेगळा कायदाही झाला. म्हणजे मेन रोडवर अडीच फूट जागेत कलम २१ समोरून चालत येतं आणि कलम २१ केळीचा गाडा घेऊन उभं असतं. निकाल काय? निकाल दररोज एकच लागतो. चालणारे थांबतात, डझनभर केळी घेतात आणि पुढं जातात. न्यायालयांना इतका झटपट तोडगा सुचलेला नाही.

एक दिवस हॉटेलमालकांच्या आई गावाकडच्या मळ्यातून आल्या होत्या. गल्ल्याजवळ बसून त्यांनी पत्रिकेवरचं ते चित्र हातात घेतलं, उलटं करून आधी नवरा-नवरी कुणाची ते वाचून दाखवायला लावलं, मग पुन्हा सुलटं केलं. गुरुजींनी बोट ठेवून सगळं सांगितलं. हे झाड, हा बाक, इथून गाड्या बंद. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "समदं चांगलंय. पर बाजाराला आलेल्या बायांनी जायचं कुटं?"

"कुठं म्हणजे?" गुरुजी म्हणाले.

"जायचं कुटं," आजी पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. "सकाळी सातला वाडीवरून निगायचं, दिवसभर बसायचं, सांजच्याला पोचायचं. म्हून आमी बाजाराच्या दिशी पानीच पीत न्हाई."

हॉटेलात नळाखाली ग्लास विसळायचा आवाज तेवढा येत राहिला. इतके दिवस आराखडा चालला होता, आणि त्यात चालणारं माणूस एकही नव्हतं. सगळे गाडीवाले होते. मेन रोडनं खरं चालतं कोण? एसटीतून उतरून पिशवी डोक्यावर घेणाऱ्या बाया, सायकल न मिळालेल्या मुली, दवाखान्याचा कागद हातात धरून पत्ता विचारणारं जोडपं, कॉलेज सुटल्यावर एकमेकींच्या आधारानं रस्ता ओलांडणाऱ्या पोरी. यांच्यापैकी कुणी हॉटेलात बसून भजे खात नाही. गुरुजींनी मुकाट्यानं पेन्सिल काढली आणि चौकाच्या मध्याजवळ एक छोटा चौकोन काढून त्यावर 'स्त्रिया' असं सुंदर अक्षरात लिहिलं. शेटजींनी वाकून बघितलं. "चांगलंय," ते म्हणाले, "फक्त आमच्या दुकानापुढं नको." मेडिकलवाल्याच्या पुढंही नको होतं. तो चौकोन सरकत सरकत पुन्हा गोदामाकडं निघाला तेव्हा आजींनी पत्रिका स्वतःकडं ओढून घेतली आणि म्हणाल्या, "दुकानापुढंच पायजे. गोदामाकडं आंधार असतो."

पत्रिका सध्या आजींकडंच आहे, मळ्यात. पुढची सुधारणा तिथं जाऊन करावी लागते.

मुरुडात लोक चालत नाहीत असं मी वर म्हटलं, त्यातून आठवडी बाजाराचा दिवस मात्र वगळायला हवा. त्या दिवशी गावाचा आराखडा करणारे वेगळे असतात. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून माणसं येतात, भाजी घेऊन येणाऱ्या मावशी पोतं अंथरतात, पोत्याला लागून दुसरं पोतं, दुसऱ्याला लागून कोथिंबिरीची टोपली, आणि बाजार आपली जागा सोडून हळूहळू रस्त्याकडं सरकत येतो. कुणी पाटी लावत नाही, कुणी फीत कापत नाही. दुपारपर्यंत गाड्यांना कळतं की आज आपलं काही चालणार नाही. बुलेटवाला उतरून गाडी ढकलतो. शेटजी स्वतः चालत बँकेत जातात आणि कुणी त्यांना शुगर विचारत नाही. कोपनहेगनला जे करायला मोठ्या शहराचा कारभार लागला ते इथं मेथीच्या जुड्यांनी होतं. फक्त आम्ही त्याला आराखडा म्हणत नाही, वाहतूक कोंडी म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध निवेदन देतो.

गाळपाच्या हंगामात अशाच एका बाजाराला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तिथं येऊन अडकला. वर विशीतलं पोरगं, समोर गुलाल लावलेला गणपती, मागं डब्यातून कानठळ्या बसवणारं गाणं. त्यानं हॉर्न धरून ठेवला. बरोबर पुढच्या चाकासमोर बसलेल्या मावशींनी मान वर केली नाही.

"आदी ते गानं बंद कर," त्या म्हणाल्या.

गाणं बंद झालं.

"आता इंजन बंद कर. काय बोलतूस ते ऐकू येईना."

इंजन बंद झालं. चौकात अचानक माणसांचे आवाज ऐकू यायला लागले, भाव करणाऱ्यांचे, हाका मारणाऱ्यांचे, रडणाऱ्या पोराचे.

"मावशी, सरका की जरा. कारखान्यावर नंबर जाईल माझा."

"सरकते की. मेथीच्या दोन जुड्या ऱ्हायल्यात, त्या खपल्या की उठते. कशी देऊ?"

पोरगं ट्रॅक्टरवरूनच म्हणालं, "विसाला तीन देता का?"

"दोनच ऱ्हायल्यात म्हनलं न्हवं का रं. विसाला दोन घे अन् जा."

त्यानं खिशातून वीसची नोट काढली, जुड्या गणपतीशेजारी ठेवल्या आणि चावी फिरवली. मावशी शब्दाच्या पक्क्या. पोतं झटकलं, घडी घातली, काखेला मारलं आणि उठून बाजूला झाल्या.

त्या जागेवर लसूणवाला बसला.